चौथ्या रविवारचा बाप्तिस्मा

ज्या वर्षी विल्डाच्या थोरल्या लेकीला जुळं झालं आणि आमच्या घराण्यात पहिल्यांदाच एका वेळी दोन पाळणे हलले, त्या वर्षी, म्हणजे १९८१ साली, घरातलीच दोन माणसं एका खुर्चीसाठी उभी राहिली. एक माझा धाकटा भाऊ लोवेल. दुसरा आमच्या बहिणीचा, विल्डाचा, नवरा क्लेल. खुर्ची होती जिल्ह्याच्या जेलरची; आमच्याकडे तुरुंगाचा अधिकारीही लोकांच्या मतांनीच निवडतात.

क्लेल त्या खुर्चीवर चार वर्षं बसलेला होता. मागच्या खेपेला त्यानं लोवेललाच पाडलं होतं, तेही थोडक्यात. लोवेलची बायको डेल्फा गावात बायकांचे केस कापायची, त्यामुळे कुणी कुणाला का मत दिलं हे तिला मतपेटीपेक्षा आधी कळे. तिनं त्या वेळीच निदान केलं होतं. क्लेलच्या प्रचाराच्या कार्डावर नावाखाली छापलेलं असे, ‘लिटल पायनी बाप्टिस्ट मंडळीचा सभासद’. लोवेलच्या कार्डावर त्याच जागी होतं, ‘कोळशाच्या खाणीत एकवीस वर्षं’.

“खाणीत तर सगळेच होते,” डेल्फा म्हणायची. “तुझ्या नावाखाली देव नाही, त्याला मी काय करू?”

आमच्या दरीत मत मागायला गेलेल्या माणसाला लोक आधी बसायला सांगतात, मग कॉफी देतात, मग विचारतात, तुझं चर्च कोणतं? त्यावर लोवेल सांगायचा, माझी आई लिटल पायनीची. लोक म्हणायचे, मग तिला उभं करा.

आईनं, म्हणजे ओमा टॅकेटनं, लोवेल मंडळीत यावा म्हणून एकतीस वर्षं प्रार्थना केली होती. मी आलो, विल्डा आली, लोवेल राहिला. आमच्यात ओढून कुणाला नेत नाहीत. माणसाच्या मनावर ओझं यावं लागतं, ते त्यानं वागवावं लागतं आणि सोसेनासं झालं की स्वतःच्या पायांनी पुढे जाऊन उपदेशकाला हात द्यावा लागतो. पुष्कळ जण पन्नाशीला येतात. काही तर येतच नाहीत.

लोवेलवर ते ओझं आदल्या वर्षीच्या पानगळीत आलं. मला त्यानं सांगितलं ते माझ्या ट्रकचं चाक बदलताना, तोंड चाकाकडे करून. पण समोर निवडणूक होती. “आत्ता हात दिला तर अख्खा जिल्हा म्हणेल, मतांसाठी देवाला धरलं,” तो म्हणाला. “मे महिन्यात मतदान होऊ दे. मग जातो. हरलो तरी जातो.”

त्याचं हे ठरलं होतं. मग मार्चमध्ये त्यानं आईला शहरातल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं तिला पडद्यामागे कपडे बदलायला पाठवलं आणि ह्याला बाजूला घेऊन सांगितलं, हृदय थकलंय, उन्हाळा काढला तर देवाची कृपा. आईला सांगू नका, जितके दिवस आहेत तितके आनंदात जाऊ देत. लोवेलनं ते फक्त मला सांगितलं. विल्डाला सांगायची सोय नव्हती, तिच्या पोटात शब्द अर्धा तास टिकत नाही.

आता अडचण अशी, की आमची मंडळी महिन्यातून एकदाच भरते, चौथ्या शनिवारी आणि रविवारी. उपदेशक पगार घेत नाहीत, ते खाणीत आणि शेतात काम करून चार चर्चांना फिरतात. एप्रिलच्या चौथ्या शनिवारी लोवेल चर्चच्या पायरीपर्यंत आला आणि परत फिरला. राहिला मे, मतदानाच्या आदल्या रविवारचा. नाहीतर जून. जून आईला दिसेल की नाही हे कुणाला ठाऊक?

म्हणून मेमधल्या त्या शनिवारी सकाळी लोवेल आईच्या स्वयंपाकघरात आला, टोपी काढली आणि म्हणाला, “आई, मी आज हात देणार आहे.”

विल्डा सफरचंदाच्या केकचे थर रचत होती. तिचा हात हवेतच राहिला. मी बटाटे सोलत होतो, सोलत राहिलो. आई वाळवलेल्या शेंगा निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

डेल्फा मात्र दारातच होती आणि तिच्या तोंडावर असा उजेड पडला की जणू पाण्यातून तीच वर आलीय.

“उद्या बाप्तिस्मा!” ती म्हणाली. “मंगळवारी मतदान! अगं बाई, असा योग मी ठरवून आणला असता तरी आला नसता. पेपरवाल्याला सांगते, ओढ्याच्या काठी कॅमेरा घेऊन उभा राहील. लोवेल, पांढरा शर्ट घाल, तो ओला झाल्यावर चांगला दिसतो.”

“पेपरवाला येणार नाही,” लोवेल म्हणाला.

“का? देवाला फोटो चालत नाही?”

“मला चालत नाही.”

विल्डानं केकचा थर खाली ठेवला. “अठ्ठेचाळीस वर्षं,” ती म्हणाली. “अठ्ठेचाळीस वर्षं ह्याला सवड झाली नाही. आणि आता नेमका मंगळवारच्या आधी ह्याच्या अंगात धर्म आला. लोवेल, तू लहानपणी माझ्या बशीतला पाय पळवायचास ना, कोंबडीचा, तेव्हाही असाच गरीब चेहरा करायचास.”

“तो पाय माझाच होता.”

“माझ्या बशीत होता!”

“विल्डा,” आई म्हणाली. आईनं एक शेंग उजेडात धरली, टाकून दिली आणि विचारलं, “जून का नाही?”

सगळ्या घरात हा एकच प्रश्न होता, आणि त्याचं खरं उत्तर तिला देता येत नव्हतं. लोवेलनं माझ्याकडे पाहिलं. मी बटाट्याकडे पाहिलं.

“जूनमध्ये गवत कापायचं असतं,” लोवेल म्हणाला.

खोटं बोलण्यात माझा भाऊ पहिल्यापासून कच्चा. म्हणून तर तो मागल्या वेळी पडला, असं मला वाटतं.

“गवत,” आई म्हणाली.

“हो. वाळवायचं, गंजी रचायची…”

“बाप्तिस्म्याला किती वेळ लागतो रे? मी पाण्यात गेले तेव्हा तू माझ्या पोटात होतास. मी बाहेर आले, अंगावरचा झगा पिळला आणि घरी येऊन गायीची धार काढली.” तिनं शेंगांची परात बाजूला सारली. “तुझ्या गवताची एवढी काळजी देवाला कधीपासून?”

ती उठून बाहेर कोंबड्यांकडे गेली. डेल्फा म्हणाली, “खूश झाल्या आहेत त्या, आतून.”

*

निवडणुकीच्या वर्षी चर्चच्या आवारात झाडाला पानं कमी आणि उमेदवार जास्त असतात. छपराखाली प्रचार करायचा नाही, हा आमच्या मंडळीचा जुना नियम. पण आवार छपराबाहेर आहे. त्यामुळे ज्यांना शेरीफ व्हायचंय ते, जिल्ह्याचा क्लार्क व्हायचंय ते, शाळेच्या बोर्डावर जायचंय ते, सगळे गाड्यांना टेकून उभे राहतात, म्हाताऱ्यांचे हात दाबतात, आणि ज्यांनी वर्षभर देवाचं नाव घेतलं नाही त्यांच्या तोंडी तेवढा महिना ‘परमेश्वराची इच्छा असेल तर’ एवढंच असतं.

जेलरच्या जागेला एक तिसराही होता, ड्युई स्प्रॅडलिन नावाचा. गिटार आणि ढोलकं वाजवून टाळ्या पिटणाऱ्या मंडळीतला. आमचे लोक त्याला मोजत नव्हते. त्यानं पुठ्ठ्याचे हातपंखे वाटले होते, एका बाजूला येशूचं चित्र आणि दुसऱ्या बाजूला ड्युईचं नाव. त्या दिवशी उकडत होतं, म्हणून बायका ते घेऊन आत निघाल्या. आमचे मुख्य उपदेशक बंधू हायरम दारात उभे होते. त्यांनी एक पंखा उलटासुलटा करून पाहिला.

“येशू आत येऊ शकतो,” ते म्हणाले. “ड्युई बाहेर राहील.”

मग बायकांनी आपापसात ठरवलं की वारा घेताना येशूची बाजू उपदेशकाकडे ठेवायची.

क्लेल ओकच्या झाडाखाली एकटाच उभा होता. मोठ्या देहाचा, मोठ्या आवाजाचा माणूस, भजन सांगायला उठला की खिडक्यांच्या काचा थरथरतात. पण विचार करायची पाळी आली की त्याला घाम फुटतो. विल्डा त्याच्याकडे झपझप गेली. पुढचं बोलणं मी ऐकलं, कारण मी त्याच झाडाच्या दुसऱ्या अंगाला होतो आणि तिथून हललो नाही.

“लोवेल आज हात देतोय,” विल्डा म्हणाली.

“कुणाला?”

“देवाला! दुसऱ्या कुणाला? तू नाही म्हण.”

आमच्यात नवा माणूस घ्यायचा तर सगळ्या सभासदांना विचारतात. एकानं जरी हरकत घेतली तरी तो माणूस थांबतो. क्लेल सभासद होता. म्हणजे लोवेलला पाण्यात उतरू द्यायचं की नाही हे त्याच्याच विरोधात उभ्या असलेल्या माणसाच्या हातात आलं होतं.

“तुझा भाऊ आहे तो,” क्लेल म्हणाला.

“म्हणूनच सांगते. बाहेरचा असता तर मी विश्वास ठेवला असता.”

“हे बघ विल्डा. मी नाही म्हटलं, तर मंगळवारी लोक म्हणतील, क्लेलनं खुर्चीसाठी एका जिवाला पाण्याबाहेर ठेवलं. हो म्हटलं, तर त्याच्या कार्डावर देव छापला जातो. इकडे आड, तिकडे विहीर.”

“मग कैद्यांचा विचार कर.”

“कैद्यांचा?”

“चार वर्षं माझ्या हातचं जेवतायत ती माणसं. जेलरची बायको बदलली तर डेल्फाच्या हातचं जेवावं लागेल त्यांना. भिंत फोडून पळतील, क्लेल, आणि कुणी त्यांना दोष देणार नाही.”

क्लेल हसला. मग त्यानं आपल्याच कार्डांचा गठ्ठा खिशातून काढला, वाचल्यासारखा पाहिला आणि परत ठेवला. पुढे एकदा तो मला म्हणाला, त्या दिवशी त्या कार्डावरची चर्चच्या नावाची ओळ त्याला पहिल्यांदा जड वाटली. ती छापताना त्यानं देवाला विचारलं नव्हतं, छापखानेवाल्यानं सुचवलं होतं.

“मी काय करीन ते मला आत गेल्यावर कळेल,” तो विल्डाला म्हणाला.

“तोपर्यंत मी काय करू?”

“खोक. मला आवडेल असं वागलो तर एकदा खोक, नाहीतर दोनदा.”

“मला आवडेल असं, की तुला?”

“तेच तर मला कळत नाही,” क्लेल म्हणाला.

*

आमच्या चर्चमध्ये पुरुष एका बाजूला बसतात, बायका दुसऱ्या. वाद्य नाही. बंधू हायरम एक ओळ भरभर सांगतात आणि मंडळी ती ओळ ओढून ओढून, डोंगरावरून धुकं उतरावं तशी गातात. उपदेश झाला, प्रार्थना झाली. मग शेवटचं भजन सुरू झालं, ज्यात सगळे उठून एकमेकांचे हात हातात घेतात, आणि कुणाला पुढे यायचं असेल तर त्याच गर्दीतून तो पुढे येतो.

लोवेल मागच्या बाकावरून उठला. मध्ये जेमतेम बारा बाकं, पण त्याला वाट संपेना. बंधू हायरमचा हात त्यानं धरला आणि मग त्याला बोलताच येईना. रडू कोसळलं ते असं, की मी माझ्या भावाला बाप मेला तेव्हाही तसं रडताना पाहिलं नव्हतं. नाक वाहत होतं, खांदे उडत होते. भजन आपोआप थांबलं.

“मला बाप्तिस्मा हवा,” तो शेवटी म्हणाला. “मी पात्र नाही. पण हवा.”

बंधू हायरमनी त्याला बाकावर बसवलं आणि मंडळीकडे वळले. “बंधूंनो, बहिणींनो, तुम्ही ऐकलंत. ह्या माणसाला घ्यायला कुणाची हरकत?”

एरवी ह्या प्रश्नानंतर एक क्षणही जात नाही. त्या दिवशी सगळ्यांच्या माना एकदम क्लेलकडे वळल्या. माझा खांदा त्याच्या खांद्याला लागून होता. बायकांच्या बाजूनं विल्डा एकदा खोकली. मग दोनदा खोकली. मग तिला खरीच उबळ आली आणि शेजारणीनं तिच्या पाठीत मारायला सुरुवात केली.

क्लेल उठला.

“मी ह्याला पंचवीस वर्षं ओळखतो,” तो म्हणाला. “हा मासे पकडल्याच्या थापा मारतो. माझी करवत ह्यानं नेली ती परत आणलेली नाही. मी आत आलो तेव्हा मलाही वाटलं, हा मतांसाठी आलाय.” त्यानं लोवेलकडे पाहिलं. “पण बंधू हायरम, मी चार निवडणुका लढलोय. मतांसाठी माणूस रडतो तेव्हा नीट रडतो. एवढं कुरूप कुणी रडत नाही. माझी हरकत नाही.”

तो बसला. कुणीतरी ‘आमेन’ म्हटलं, चार-पाच जण हसले. बंधू हायरमनी लोवेलच्या खांद्यावर हात ठेवायला हात उचलला.

आणि बायकांच्या पहिल्या बाकावरून आई उठली.

“माझी आहे,” ती म्हणाली.

सगळे पंखे थांबले.

“बहीण ओमा?” बंधू हायरम म्हणाले. “एकतीस वर्षं ह्याच माणसासाठी मला प्रार्थना करायला लावलीत तुम्ही.”

“म्हणूनच. एकतीस वर्षं मागितलेली वस्तू मी तपासून घेणार.” ती लोवेलकडे वळली. “मंगळवारच्या आधीचा रविवार मला पसंत नाही. जूनमध्ये ये. जूनमध्ये तुझा हात पहिला मी धरीन. थांबशील?”

लोवेल उभा राहिला. त्याला कसला पेच पडला होता हे त्या छपराखाली मला एकट्याला ठाऊक होतं. हो म्हणावं, तर कदाचित तिच्या डोळ्यांदेखत होणारच नाही. नाही म्हणावं, तर ती समजेल की खुर्चीची घाई आहे. आणि खरं सांगावं, तर तिला तिचंच मरण सांगावं लागेल, तेही भरल्या मंडळीत.

त्यानं हातातली टोपी बाकावर ठेवली.

“थांबणार नाही, आई,” तो म्हणाला. आईचा चेहरा उतरला. पण त्याचं बोलणं संपलं नव्हतं. “तुला मंगळवार खुपतो ना? मग मंगळवारच काढून टाकू. मी जेलरसाठी उभा नाही. छापलेल्या मतपत्रिकेवरचं नाव आता पुसता येत नाही, पण इथं बसलेल्या सगळ्यांना सांगतो, मला मत देऊ नका. क्लेलला द्या. तो चांगला जेलर आहे.”

“लोवेल!” डेल्फा किंचाळली. ती सभासद नव्हती, तिला बोलायचा हक्क नव्हता, पण तिनं पाचशे कार्डं वाटली होती.

बंधू हायरमनी टेबलावर मूठ आपटली. “गप्प! लोवेल टॅकेट, सत्तावन्न वर्षं ह्या छपराखाली कुणी कुणासाठी मत मागितलेलं नाही!”

“मी मागत नाहीये, बंधू, मी सोडतोय.”

“क्लेलसाठी मागितलंस! मी माझ्या कानांनी ऐकलं! मंडळीत यायच्या आधीच मंडळीचा नियम मोडलास!”

“मग माफी मागतो.”

“कुणाची? देवाची की ड्युईची?”

आता मंडळीला हसू आवरेना. आमच्याकडे चर्चमध्ये लोक रडतात, ओरडतात, पण असं खदखदून हसलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. हसत नव्हते फक्त दोघं. एक क्लेल, ज्याचे कान लालबुंद झाले होते. दुसरी आई. ती लोवेलकडे टक लावून पाहत होती. पेरणीआधी माती हातात घेऊन ती असंच पाहत असे.

“हरकत मागे घेते,” ती म्हणाली आणि बसली.

*

रविवारी ओढ्याच्या दोन्ही काठांवर माणसं उभी होती. आदल्या रात्री डोंगरावर पाऊस झाला होता आणि पाणी कमरेच्या वर चढलं होतं. बंधू हायरम काठीनं तळ चाचपत पुढे, मागून लोवेल. पेपरवाला आला नाही. डेल्फानं त्याला बोलावलं होतं आणि मग स्वतःच जाऊन नको म्हणाली होती. ती विल्डाशेजारी उभी होती, हे त्या वर्षातलं दुसरं आश्चर्य. खुर्ची तिच्या नवऱ्यानं सोडल्यापासून विल्डाला तिची दया येत होती, आणि दया आली की विल्डा माणसाला खायला घालते. डेल्फाच्या हातात केकचा तुकडा होता.

लोवेल पाण्याखाली गेला आणि वर आला, तोंड उघडं, डोळे मिटलेले. काठावर भजन उठलं. आई खुर्चीत बसली होती, ती उठून पाण्याच्या कडेपर्यंत गेली आणि बुटांसकट चिखलात उभी राहिली. लोवेल बाहेर आला तसा तिनं त्याला ओलाच्या ओला मिठीत घेतला. विल्डानं ब्लँकेट आणलं ते दोघांनाही पुरलं नाही.

हे सगळं चाललं असताना क्लेल एका दगडावर चढला.

“ऐका!” त्या आवाजाला दुसरं काही लागत नाही. “इथं छप्पर नाही, म्हणून बोलतो. मला कुणाची भीक नको. काल ह्या माणसानं मला खुर्ची दान केली. मी दान घेत नाही. जो माणूस आईच्या एका शब्दासाठी जेलरकी सोडतो, त्याच्यापेक्षा चांगला जेलर ह्या जिल्ह्याला मिळायचा नाही. मंगळवारी लोवेलला मत द्या!”

“क्लेलला द्या!” लोवेल ब्लँकेटमधून ओरडला. त्याचे दात वाजत होते.

“लोवेलला!”

“दोघंही मूर्ख आहेत,” विल्डा म्हणाली.

“पहिल्यांदा तुझं-माझं एकमत झालं,” डेल्फा म्हणाली.

सोमवारभर दोघं दोन बाजूंनी दरी फिरले. लोवेल घरोघरी जाऊन सांगे, क्लेलला द्या. तासाभरानं क्लेल त्याच घरी जाऊन सांगे, लोवेलला द्या. लोकांनी दोघांनाही कॉफी पाजली. वरच्या अंगाच्या एका म्हातारीनं त्यांना सरळ विचारलं, अहो, तुम्हा दोघांनाही ती जागा नको असेल, तर आम्ही कशाला तुमच्या गळ्यात मारायची?

दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ होतो, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. दोघांच्या मोठेपणातही तोच होतो, हे आम्ही मंगळवारी पाहिलं. ड्युई स्प्रॅडलिन निवडून आला, आणि नुसता आला नाही, दोघांच्या बेरजेच्या पुढे गेला.

*

बुधवारी सकाळी सगळे आईच्या स्वयंपाकघरात जमलो. क्लेल म्हणाला, “ढोलकं वाजवून जिंकला असता तर मला एवढं वाटलं नसतं.” लोवेल म्हणाला, “आपणच वाजवलं त्याचं ढोलकं.”

आधी आईला हसू फुटलं. तिनं ओव्हनमधली भाकरी काढता काढता हातातलं फडकं तोंडाला लावलं, मग खुर्ची धरली, मग खाली बसली, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. तिच्या पाठोपाठ विल्डा. मग आम्ही सगळे. डेल्फा सगळ्यात शेवटी हसली, पण हसली. ड्युईच्या बायकोला स्वयंपाक येत नाही अशी बातमी तिनं त्याच सकाळी दुकानातून आणली होती, आणि दुपारी ड्युई स्वतः विचारायला आला, विल्डाबाईंनी कैद्यांचं जेवण चालू ठेवलं तर बरं होईल. विल्डानं त्याला दारातच उभं ठेवलं, पण हो म्हणाली.

तो येण्याआधी, बाकीचे अंगणात गेले असताना, आईनं लोवेलला थांबवलं. मी चुलीजवळ होतो. मला तिनं जा म्हटलं नाही.

“तुझी घाई मला ठाऊक होती,” ती म्हणाली. “मी म्हातारी आहे, बहिरी नाही. दवाखान्यातला तो पडदा कापडाचाच असतो.”

लोवेलच्या हातातली बशी तिथंच थांबली. “मग शनिवारी अडवलंस का मला?”

“मतांसाठी उतरतोस का, ते बघायचं होतं. ते कळलं. पण अजून एक राहिलंय. माझ्यासाठी उतरला असशील, तर तेही चालत नाही रे. मी जाईन. मग त्या पाण्याचं काय?”

लोवेलनं बशी खाली ठेवली आणि प्रामाणिकपणे विचार केला. ते त्याच्या कपाळावर दिसत होतं.

“आई, राग मानू नकोस,” तो म्हणाला. “पाण्याखाली गेलो तेव्हा तू मला आठवली नाहीस. कुणीच आठवलं नाही. इतकं गार होतं. आणि मग इतकं हलकं.”

आईनं त्याच्या बशीत भाकरी वाढली, वर लोण्याचा गोळा ठेवला.

“मग ठीक आहे,” ती म्हणाली. “खा.”

तिनं जून पाहिला, आणि जुलैही. लोवेलनं गवत कापलं तेव्हा कुंपणाला टेकून ती त्याला गंजी वाकडी रचली म्हणून ओरडत होती. सप्टेंबरच्या चौथ्या रविवारी ती चर्चला आली, पहिल्या बाकावर बसली आणि लोवेलनं पहिल्यांदा भजनाची ओळ सांगितली ती चुकली, हे तिनं घरी येईपर्यंत चार जणांना सांगितलं.

आमची आई ओमा टॅकेट १९८१ च्या ऑक्टोबरात, दुसऱ्या शनिवारी सकाळी गेली. ती एकोणऐंशी वर्षांची होती.